दिवाळसणाचा भोंगा

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला जावई सासुरवाडीला येतो आणि पाडव्याच्या दिवशी सासरा त्याला काहीतरी देतो. आमच्या नात्यागोत्यात बहुतेक जण अंगठी द्यायचे, कुणी मनगटी घड्याळ, फारच झालं तर सायकल. माझ्या नवऱ्यानं भोंगा मागितला. ट्रकला असतो तसला, हवेवर वाजणारा प्रेशर हॉर्न.

बाहत्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. माझं माहेर संगमनेरचं. माझ्या वडिलांचं, आबांचं, एसटी स्टँडच्या शेजारी टायर-पंक्चरचं दुकान होतं. मी एकुलती एक, त्यामुळं शाळेतून आले की माझा वेळ दुकानातच जायचा. ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे कुठून येतात ते बघायचं, काचकागदानं घासायचं, ठिगळ चिकटवायचं, हवा भरायची, हे सगळं मला भाकरी थापायच्या आधी यायला लागलं. सासर मात्र पार दुसऱ्या टोकाला, राजूरच्या पुढं डोंगरात, भातखाचरांच्या गावात. घरात सासूबाई, हे आणि मी. सासूबाईंना मी आत्या म्हणायची.

ह्यांची स्वतःची पिकअप गाडी होती. नगरला लष्कराच्या जुन्या गाड्यांचा लिलाव व्हायचा, त्यात घेतलेली. वरून निळा रंग मारला होता, पण दाराच्या कडांना जुना हिरवा अजून दिसायचा. आठवड्यातून तीन-चार खेपा राजूर, अकोले, संगमनेर अशा व्हायच्या. भाताची पोती, शेळ्या, भाजी, माणसं, जे असेल ते मागं बसायचं. गाडी चढाला दमायची नाही, ब्रेकही चांगले होते. एकच उणीव होती. तिचा हॉर्न भुकेल्या कोकरासारखा होता.

दसऱ्यानंतर थोड्याच दिवसांत मी ह्यांच्याबरोबर गाडीतून राजूरला निघाले होते. घाटात एक वळण असं होतं की डोंगराचा कडा रस्त्यावर पुढं आलेला, पलीकडचं काहीच दिसायचं नाही. ह्यांनी हॉर्न दिला आणि गाडी वळवली. समोर एसटी. दोघांनीही ब्रेक मारले. आमचं मागचं चाक कडेच्या चरात गेलं, मी पुढच्या काचेवर हात टेकून थांबले. एसटीचा ड्रायव्हर खाली उतरला, आमच्याकडं आला आणि शांतपणे म्हणाला,

"वळनावर हॉर्न द्यायची रीत न्हाई का तुमच्याकडं?"

हे म्हणाले, "दिला की."

"कवा?"

ह्यांनी पुन्हा हॉर्न दाबून दाखवला. ड्रायव्हरनं ऐकून घेतलं. मागं एसटीतली माणसं खिडक्यांतून बघत होती, ती हसायला लागली. त्यांनीच उतरून आमचं चाक चरातून उचलून दिलं, तेवढं बरं झालं. पण त्या दिवसापासून ह्यांच्या डोक्यात भोंगा शिरला. रस्त्यात मोठा ट्रक वाजवत गेला की हे गाडी हळू करायचे आणि आवाज संपेपर्यंत ऐकत राहायचे.

आता आबांचं सांगायला हवं. आबांचा ड्रायव्हर लोकांवर भरवसा नव्हता. दुकान स्टँडला लागून, सगळ्या तऱ्हेचे ड्रायव्हर त्यांनी पाहिलेले. माझं स्थळ आलं तेव्हा ते नाहीच म्हणणार होते. पण आत्या स्वतः दुकानात आल्या, टायरवर बसल्या आणि म्हणाल्या, "माझा पोरगा पीत न्हाई, चार गावांत इचारा, मी बसते हितंच." आबांनी खरंच विचारून घेतलं आणि होकार दिला. दिला, पण मनातली अढी गेली नव्हती. ह्यांच्याशी त्यांचं बोलणं म्हणजे "या पाव्हणं", "जेवलात का", "बरंय मग". हेसुद्धा त्यांच्यासमोर मान वर करायचे नाहीत. दोघं एका खोलीत बसले की मी कामाचं निमित्त काढून बाहेर जायची.

पाडव्याच्या सकाळी आंघोळी झाल्या, फराळ झाला. आईनं जावयाला ओवाळलं. आबा घसा खाकरून म्हणाले, "पाव्हणं, दिवाळसण हाय. काय पाहिजे ते मोकळेपणी सांगा."

आईनं अंगठीचं माप घेण्यासाठी दोरा आणून ठेवला होता, तो मला दिसत होता. हे बराच वेळ चकलीचा तुकडा बोटात फिरवत राहिले. मग खाली बघतच म्हणाले, "मामा, गाडीला भोंगा पाहिजे."

"काय?"

"प्रेशर हॉर्न. ट्रकचा असतो तसला."

आईच्या हातातला दोरा तसाच राहिला. "अहो, अंगठी घ्या की," ती म्हणाली. "भोंगा कुणी दिवाळसणाला मागतं का?"

मला वाटलं, संपलं. गाडीवाला तो गाडीवालाच, असं आबांच्या मनात आलं असणार. पण त्यांनी विचारलं, "कशाला पाहिजे?"

मग ह्यांनी घाटातल्या वळणाची गोष्ट सांगितली. मी गाडीत होते हेसुद्धा सांगितलं. ते मी आईला सांगितलं नव्हतं. आबांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा ह्यांच्याकडं. मग म्हणाले, "ट्रकला हवा इंजिनावरनं मिळते, पाव्हणं. ब्रेकसाठी ती भरलेलीच असते. तुमच्या गाडीला हवा कुठनं आणायची?"

मला ते उत्तर समोर दिसत होतं, इतकं जवळ की मी परवानगी विचारायची विसरले. "आबा, टायरात हवा राहते ना?" मी म्हटलं. "मग टाकीत का नाही राहणार? टाकीला ट्यूबचा व्हॉल बसवा आणि दुकानात हवा भरून द्या."

आबा उठले. कोपऱ्यातल्या चपला पायात घातल्या. "चला पाव्हणं," म्हणाले, "भंगारवाल्याकडं जाऊन येऊ."

मी पण निघाले. नवं लुगडं नेसले होते, आई मागून काहीतरी म्हणत होती, पण मी थांबले नाही.

प्रवरेच्या बाजूला एका चाचांचं भंगाराचं आवार होतं. चाचा आबांचे जुने ओळखीचे. त्यांनी आम्हाला मागच्या बाजूला नेलं. तिथं रस्त्यात उलटलेल्या एका कांद्याच्या ट्रकचे अवशेष पडले होते. केबिन चेपलेली, पण टपावर दोन कर्णे तसेच होते, एक लांब, एक आखूड. वरची झिलई उडाली होती. आबांनी पान्यानं ते सोडवले. लांब कर्णा तोंडाला लावून जोरानं फुंकला. गालफडं फुगली, डोळे मोठे झाले, आवाज काही आला नाही. त्यांनी कर्णा आपटला तर आतून सुकलेल्या मातीचा गोळा पडला. कुंभारमाशीनं आत घर केलं होतं. हे हसले. आबांकडं बघून त्यांना हसू आवरलं नाही असं मी पहिल्यांदाच पाहत होते. आबांनीही रागावल्यासारखं काही केलं नाही. त्यांनी कर्णा ह्यांच्या हातात दिला. "घ्या, फुंका तुमी."

त्याच ट्रकची हवेची टाकी आम्ही घेतली, घागरीपेक्षा मोठी, दोन्ही बाजूंनी बंद. चाचांनी रबरी नळी, क्लिपा आणि स्प्रिंगचा एक कॉक शोधून दिला. दोरी ओढली की तो उघडायचा, सोडली की आपोआप बंद. "दामाद को भोंपू," चाचा म्हणाले आणि मान हलवत राहिले. निघताना त्यांनी माझ्या हातात पेढा ठेवला.

दुकानासमोर गाडी उभी करून काम सुरू झालं. पाडव्यामुळं दुकान बंद होतं, पण फळ्या काढल्यावर स्टँडवरची रिकामी माणसं जमायला वेळ लागला नाही. आधी कर्णे उघडले. आत पितळेची पातळ चकती असते, तिला पडदा म्हणतात. हवा येते तेव्हा तो पडदा थरथरतो, आणि त्याचाच आवाज कर्ण्यातून मोठा होऊन बाहेर पडतो. आखूड कर्ण्याचा पडदा बरा होता. लांबाचा काळा पडून चिकटलेला. मी तो रॉकेलमध्ये भिजत टाकला आणि नंतर बोटाच्या टोकानं हळूहळू चोळत बसले. पितळ पिवळं दिसायला लागलं तेव्हा मला इतका आनंद झाला की कुणालातरी दाखवावं असं वाटलं, पण दोघंही गाडीखाली होते.

टाकी गाडीच्या मागच्या, माल भरायच्या हौदाच्या खाली बसवायची ठरली. आबा एका बाजूला, हे दुसऱ्या बाजूला, दोघं पाठीवर आडवे. मला दोन जोड पाय तेवढे दिसत होते. आधी "पाव्हणं, जरा इकडं घ्या", "हो मामा" असं चाललं होतं. मग टाकी जड होऊन एका बाजूनं घसरली असावी, कारण आबांचा आवाज एकदम चढला.

"अरे धर की नीट! पडंल ना डोक्यात तुझ्या."

जावयाला अरे-तुरे. मी रॉकेलचा हात तसाच धरून उभी राहिले. मग ह्यांचा आवाज आला, "धरलंय मामा, तुमी पट्टी आवळा." त्यात राग नव्हता. उलट एखाद्याला घरात घेतल्यावर तो जसा बोलेल, तसा तो आवाज होता. त्यानंतर आबांनी ह्यांना पाव्हणं म्हटलंच नाही. "पाना दे", "अर्ध्याचा नको, पाऊणचा", "सरक तिकडं", असं ऊन डोक्यावर येईपर्यंत चाललं.

टपाला भोकं पाडायची वेळ आली तेव्हा हे जरा घुटमळले. गाडीवर त्यांचा जीव होता. आबांनी हातातलं ड्रिल खाली केलं. "न्हाई पाडत. सांग तू." ह्यांनी टपावरून एकदा हात फिरवला आणि म्हणाले, "पाडा." कर्णे बसले, लांब डाव्या बाजूला, आखूड उजव्या. नळी खिडकीच्या वरून आत आली, कॉक ड्रायव्हरच्या डोक्यावर बसला आणि त्याची दोरी खाली लोंबू लागली. दोरीच्या टोकाला आईनं आणलेलं लाकडी रीळ बांधलं, हातात धरायला.

दुकानातल्या मोटारीच्या पंपावरून मी टाकीत हवा भरली. ते काम मी कुणाला करू दिलं नाही. टाकीला लावलेला हवेचा काटा चढत गेला, आबांनी हात वर केला, मी बंद केलं. आबा साबणाचं पाणी घेऊन प्रत्येक जोडावर लावत फिरले. कुठंच बुडबुडा आला नाही.

"ओढ," ते म्हणाले.

हे आत बसले. रीळ धरलं. जमलेल्या माणसांनी आधीच कानावर हात ठेवले. मी ठेवले नाहीत, मला ऐकायचं होतं.

तो आवाज आधी छातीत शिरला आणि मग कानात. लांब कर्ण्याचा जाड आणि आखूडचा वरचा, दोन्ही एकत्र. दुकानाच्या पत्र्याची भिंत थरथरली. स्टँडवर उभ्या असलेल्या एसटीतून कंडक्टर खाली उतरून इकडं तिकडं बघू लागला. झाडावरचे कावळे सगळे एकदम उठले. आई घरातून उलथनं हातात घेऊनच पळत आली. आणि आबा, जे दुकानात दिवसभरात एकदाही हसायचे नाहीत, ते गाडीच्या मडगार्डावर हात टेकून वाकून हसत होते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

"अजून एकदा," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी, भाऊबीजेला, चुलतभावांना ओवाळून आम्ही सासरी निघालो. निघताना आबांनी बजावलं होतं, "टाकीतली हवा मोजकी असते. वळनावरच वाजव." हे हो म्हणाले. पण संगमनेर सोडलं आणि पहिली बैलगाडी दिसली. मग एक सायकलवाला. मग रस्त्यात कुणीच नव्हतं, तर उगाच. मी म्हटलं, "अहो, पुरवून वाजवा." ते म्हणाले, "एकच," आणि मला रीळ पुढं केलं. "तू ओढ की." मग काय, मी पण ओढलं. अकोल्याच्या बाजारपेठेतून आम्ही वाजवत गेलो, राजूरलाही वाजवलं. लोक दारात येऊन बघायचे आणि आम्ही दोघं सरळ पुढं बघत बसायचो, जसं काही तो आवाज आमच्या गाडीचा नाहीच.

गावात शिरताना ह्यांनी गाडी मुद्दाम हळू केली. आत्या ओट्यावर बसलेल्या दिसत होत्या. ह्यांनी केसांवरून हात फिरवला, रीळ धरलं आणि जोरात ओढलं.

फुस्स झालं. कढईत पाण्याचा थेंब पडावा तसं.

आत्या उठून आल्या. टपाकडं बघितलं, कर्ण्यांच्या तोंडात डोकावून बघितलं. "ह्ये व्हय दिवाळसन?" त्या म्हणाल्या. "माझ्या दम्याचा आवाज ह्याच्यापरीस मोठा हाय."

ह्यांचा चेहरा पार उतरला. रात्री जेवणसुद्धा नीट झालं नाही. पण मला पंप आठवत होता. गाडीचे टायर भरायला ह्यांच्याकडं पायानं दाबायचा पंप होता. सकाळी चूल पेटवायच्या आधी मी तो अंगणात काढला, टाकीच्या व्हॉलला नळी लावली आणि पाय मारायला सुरुवात केली. टायरला लागते तेवढ्यानं काय होणार, टाकी मोठी. मी दमले तेव्हा ह्यांनी पंप घेतला. ते दमले तेव्हा परत मी. गुरं सोडायला निघालेली माणसं थांबून बघायला लागली. कुणी म्हणालं टायर कुठलाय, दिसंना तो.

आत्या शेण टाकून आल्या, हात धुतले. थोडा वेळ बघत उभ्या राहिल्या. मग लुगड्याचा काष्टा घट्ट खोवला आणि मला बाजूला केलं. "सर. तुझ्या अंगात काय बळ हाय?" आणि त्या पंपावर अशा पाय मारायला लागल्या की पंप जमिनीत जातो की काय असं वाटलं. भात कांडायची ताकद ती. मध्येच खोकला यायचा, थांबायच्या, पुन्हा सुरू. ह्यांनी दोनदा सांगितलं, "आये, पुरं कर." त्यांनी ऐकलं नाही. मी काट्याकडं बघत होते. काटा जिथं हवा तिथं पुरता पोचला नाही, पण जवळ आला.

"आता तुमीच ओढा, आत्या," मी म्हटलं.

"मी?"

"तुमीच भरलीय."

त्या गाडीत चढल्या. ड्रायव्हरच्या जागेवर त्या आधी कधी बसल्या नव्हत्या. रीळ दोन्ही हातांनी धरलं आणि विहिरीतून पोहरा ओढावा तसं खाली ओढलं.

संगमनेरला तो आवाज ऐकला होता, पण तिथं तो सपाटीवर सांडून गेला होता. इथं समोर डोंगर. आवाज गेला, पलीकडच्या कड्यावर आदळला आणि आमच्याकडं परत आला, मग उजवीकडच्या डोंगरावरून पुन्हा. एका म्हशीनं दावं तोडलं. शेजारच्या बाईच्या डोक्यावरची कळशी कलंडली आणि ती भिजून तिथंच उभी राहिली. पोरं ओरडत पळत आली. आत्यांनी रीळ सोडलं नव्हतं. हवा संपत आली, आवाज बारीक झाला, तेव्हा कुठं सोडलं. खाली उतरल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "हाय बरा."

आनंद खरा होता, पण रोज सकाळी तिघांनी तासभर पाय मारायचे, हे काही चालणार नव्हतं. आमच्या रस्त्यावरची एसटी संगमनेरच्या स्टँडवर जायची. तिच्या कंडक्टरजवळ ह्यांनी आबांना तोंडी निरोप दिला, टाकी छान आहे पण भरायची कशी.

चार दिवसांत आबाच आले. एसटीतून उतरले, खांद्यावर पिशवी, त्यात काहीतरी जड. लग्न झाल्यापासून ते आमच्या घरी कधी आले नव्हते. त्यांच्या पिढीतली पद्धत होती, लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. म्हणून येणंही टाळायचं. पण त्या दिवशी ते अंगणात आले, मला म्हणाले "बरी हायस ना," आणि सरळ गाडीकडं गेले. "बॉनेट उघड," ह्यांना म्हणाले.

पिशवीत पितळेचा एक लहान पंप होता, हाताच्या पंजाएवढा, त्याला लांब नळी. लष्करी गाड्या दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रीकडून त्यांनी शोधून आणला होता. इंजिनाचा एक प्लग काढायचा, त्या जागी हा पंप फिरवून बसवायचा आणि गाडी चालू करायची. बाकीचे प्लग इंजिन चालवतात आणि प्लग काढलेल्या जागेचा रिकामा दट्ट्या, म्हणजे पिस्टन, टाकीत हवा भरत बसतो. आबांनी ते ह्यांना एकदा करून दाखवलं, मग म्हणाले आता तू कर. हे शिकले, मग मी शिकले. गाडी अडखळत, लंगडत चालू राहिली आणि काटा आपोआप चढायला लागला. कुणी पाय मारत नव्हतं. आम्ही तिघं त्या काट्याकडं बघत उभे होतो.

दुपार टळून गेली होती. आत्यांनी ताट वाढून आणलं. आबांनी हात जोडले. "विहीणबाई, रागावू नका. लेकीच्या घरचं चालत न्हाई अजून."

आत्यांनी ताट परत नेलं नाही. विचार केला आणि म्हणाल्या, "लेकीच्या घरात बसून नका खाऊ. गाडीत बसून खा. गाडी काय घर न्हाई."

आबा माझ्याकडं बघायला लागले. त्यांनी दार उघडलं, आत चढून बसले आणि ताट मांडीवर घेतलं. हे दुसऱ्या बाजूनं चढले, आपलं ताट घेऊन. इंद्रायणीसारखा वास येणारा आमचा नवा तांदूळ होता, वरण, चुलीत भाजलेल्या वांग्याचं भरीत. दोघं काचेतून समोर बघत जेवले. मध्येच आबा कॉककडं बोट दाखवून काहीतरी सांगायचे, हे मान हलवायचे. मी ओट्यावरून बघत होते. त्यांना लागेल ते मी खिडकीतून वाढलं.

मुक्कामही त्यांनी गाडीतच केला, हौदात घोंगडी टाकून. हे म्हणाले मामा एकटे कशाला, म्हणून तेही तिथंच झोपले.

सकाळी आबांना राजूरपर्यंत सोडायला आम्ही निघालो. टाकी भरलेली होती. पुढं हे आणि आबा, मागं हौदात मी आणि दोन पोती. त्या वळणाच्या अलीकडं ह्यांनी दोनदा वाजवलं, नेमकं, आबांनी सांगितलं होतं तसं. पलीकडून एका ट्रकच्या हॉर्ननं उत्तर दिलं. आम्ही कडेला थांबलो, तो ट्रक सावकाश बाहेर आला, ड्रायव्हरनं हात वर केला आणि निघून गेला. बाकी काही झालं नाही, एवढंच झालं. पण आबांनी ह्यांच्या पाठीवर हात ठेवला, तो मला मागच्या काचेतून दिसला.

त्याच वळणाच्या खाली, दरीत, एक वाडी होती. तिथून वर रस्त्यावर यायला अवघड पायवाट होती. वाडीतल्या बाया भाजी, करटुली, मध असलं काहीबाही घेऊन बाजाराला जायच्या. पण गाडी कधी येते ते त्यांना खाली कळायचं नाही. तासन् तास रस्त्यावर बसून राहावं लागायचं, म्हणून बहुतेक जणी येतच नसत. आम्ही ट्रकसाठी थांबलो तेवढ्यात खालून हाका आल्या. दोन बाया पाट्या डोक्यावर घेऊन धापा टाकत वर आल्या.

"तुमचाच व्हय आवाज?" एकीनं विचारलं. "आमी दारात हुतो, तिथंवर आला."

"आमचाच," मी म्हटलं आणि पाट्या वर ओढून घेतल्या.

"उद्या बी वाजवशाल?"

पुढच्या खिडकीतून आबांचा आवाज आला. ते मागं वळले होते. "किती वाजता पाहिजे सांगा," ते म्हणाले. जसं काही गाडी त्यांचीच.

मग ठरूनच गेलं. हे वाडीच्या वर आले की लांब एक आवाज द्यायचे आणि भाकरी भाजायला लागतो तेवढा वेळ थांबायचे. सुरुवातीला दोघी यायच्या, मग पाच-सहा, मग माणसंही यायला लागली. दुसऱ्या वर्षी दुष्काळ पडला, भाजी संपली, पण बाया यायच्या, राजूरला रोजगाराची कामं निघाली होती तिकडं जायला. आमच्या रस्त्यावरच्या दुसऱ्या एका वाडीनंही मग सांगून पाठवलं, आमच्याकडं बी द्या. पुढं पुढं हे इतके सराईत झाले की कुठल्या वाडीला किती लांब ओढायचं ते त्यांच्या हातालाच माहीत असायचं, आणि वाड्यांनाही कळायचं आपला कुठला.

आबा महिन्या-दोन महिन्यांनी यायचे. पडदे साफ करायचं निमित्त असायचं, किंवा नळीला तडा गेला असेल, बघून घेतो. पडदे मी स्वतः साफ करत होते, त्यांनाही ते माहीत होतं. ते आणि हे बॉनेटखाली डोकं घालून बोलत राहायचे. कशाबद्दल बोलायचे ते मी कधी विचारलं नाही. मुलगी झाली तेव्हा आबांनी आमच्या घरात पाटावर बसून पहिलं जेवण केलं. ते जेवत असताना बाहेर हे गाडीत बसून बाळ झाल्याचं सगळ्या वाड्यांना कळवत होते, एकामागून एक, प्रत्येकीच्या हिशेबाचा आवाज.